बाटलीत वाढवलेल्या गर्भाने काय शिकवले?

वस्तीत एखाद्या घरी फाटलेल्या ओठाचे बाळ जन्माला आले, किंवा बाळाच्या पाठीवर पाण्याची गाठ दिसली, की सगळी बोटे आईकडे वळतात. ग्रहणात भाजी चिरली असेल. दिवस गेलेले असताना सुई-दोरा हातात घेतला असेल. तिन्हीसांजेला चिंचेखालून गेली असेल. सासर म्हणते खोट माहेरच्या रक्तात आहे, माहेर म्हणते सासरी नीट सांभाळले नाही. ओल्या बाळंतिणीला स्वतःचे बाळ सांभाळायचे की हे बोलणे सोसायचे, तेच कळत नाही. आपल्या घरांतून देव्हारे गेले, पण ग्रहण पाळणे काही घरांतून अजून गेलेले नाही, मग ते घर जळगावचे असो की धुळ्याचे.

व्यंग का येते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर गर्भ वाढताना पाहायला हवा. पण तो आईच्या पोटात, अंधारात वाढतो. सोनोग्राफीत तो नीट दिसू लागतो तोवर त्याची बरीचशी घडण होऊन गेलेली असते. मग शास्त्रज्ञांनी एक वेगळी वाट काढली. प्राण्यांचा अख्खा गर्भ गर्भाशयाबाहेर, काचेच्या बाटलीत काही काळ वाढवायचा आणि डोळ्यांनी पाहायचा. याला गर्भसंवर्धन म्हणतात. ते कसे करतात, त्यातून काय कळले आणि आपल्या लेकी-सुनांना त्याचा उपयोग काय, हे या वेळी आम्ही मांडत आहोत.

पहिले 28 दिवस

आधी माणसाच्या गर्भाचे वेळापत्रक समजून घेऊ. पाळी आल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी बीज सुटते आणि गर्भ राहतो. तिसऱ्या आठवड्यात हा गर्भ चपट्या चकतीसारखा असतो. त्याच्या पाठीकडच्या बाजूला दोन कडा उभ्या राहतात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. करंजी भरल्यावर आपण तिच्या कडा जुळवून दाबतो, तसेच काहीसे. कडा जुळल्या की आत एक पोकळ नळी तयार होते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा पाठीचा मज्जारज्जू.

गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आसपास ही नळी पूर्ण बंद झालेली असते. डोक्याकडे ती उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट तयार होत नाही, आणि असे बाळ जगत नाही. पाठीकडे उघडी राहिली तर पाठीवर गाठ येते. अशा मुलांच्या पायांत ताकद कमी असू शकते, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, काहींच्या डोक्यात पाणी साठते.

आता हिशेब करा. 28 दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतरचे जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे किती जणींना तेवढ्यात कळलेले असते? बरीचशी नावनोंदणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते. तोवर नळी बंद झालेली असते किंवा उघडी राहून गेलेली असते. म्हणून हे पहिले 28 दिवस सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहेत.

गर्भ बाटलीत वाढवतात कसा?

सुरुवात कोंबडीच्या अंड्यापासून झाली. अंडे उबवणीला ठेवले की दुसऱ्याच दिवशी इवलेसे हृदय धडधडू लागते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ डेनिस न्यू यांनी 1955 साली एक सोपी रीत प्रसिद्ध केली. अंड्यातला कोवळा गर्भ त्याच्या पातळ पडद्यासह अलगद उचलायचा, काचेच्या कडीवर तो पडदा ताणून बसवायचा, खाली थोडा अंड्याचा पांढरा बलक ठेवायचा आणि ऊब द्यायची. गर्भ वाढत राहतो आणि भिंगातून त्याची वाढ पाहता येते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजले. डॉ. लीला मुल्हेरकर एडिनबरोला सी. एच. वॅडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञांकडे शिकल्या आणि परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरचे संशोधन उभे केले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही अशा गर्भांवर काम झाले. महागडी यंत्रे नसताना, अंडी आणि काचेच्या वाट्या घेऊन एका बाईने हे शास्त्र आपल्याकडे शिकवले, ही आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे.

पण कोंबडी अंडे घालते. माणसासारख्या सस्तन प्राण्याचा गर्भ आईच्या रक्तावर पोसतो. त्याला बाहेर जगवणे फार अवघड. यावरही न्यू यांनीच केंब्रिजमध्ये पुढे अनेक वर्षे काम केले आणि पांढऱ्या उंदरांचा गर्भ वाढवण्याची पद्धत बसवली. ती थोडक्यात अशी.

या उंदराची गर्भारकी सुमारे 21 ते 22 दिवसांची असते. साडेनवव्या दिवशी गर्भ बाहेर काढतात. तेव्हा तो अगदी बारीक असतो आणि भोवतीच्या आवरणासह काढावा लागतो, कारण या वयात ते आवरणच त्याला अन्न पुरवते. मग तो काचेच्या बाटलीत, उंदराच्याच रक्तजलात ठेवतात. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते ते रक्तजल. बाटलीत ऑक्सिजन सोडतात, आधी कमी आणि गर्भ वाढेल तसा जास्त. सुरुवातीलाच जास्त दिला तर मज्जानलिका बिघडते. शरीराइतकी ऊब ठेवतात आणि बाटली आडवी ठेवून यंत्रावर सावकाश फिरवत ठेवतात, म्हणजे हवा आणि अन्न सगळीकडून मिळते.

पुढच्या 48 तासांत डोळ्यांदेखत सारे घडते. पाठीच्या कडा जुळतात, हृदय धडधडू लागते, रक्त वाहू लागते, पुढच्या पायांचे कोंब फुटतात. शेवटीही गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहानच असतो. माणसाच्या पोटात हेच काम साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात होते. म्हणजे आपल्याला जो काळ कधीच दिसत नाही, नेमका तोच या बाटलीत दिसतो.

2021 साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणखी लहान जातीच्या उंदराचा गर्भ साडेपाचव्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत गर्भाशयाबाहेर वाढवला. या उंदराची गर्भारकी सुमारे 20 दिवसांची. म्हणजे निम्म्यापर्यंत मजल गेली. त्यापुढे गर्भ इतका मोठा होतो की नाळेतून येणाऱ्या रक्ताशिवाय त्याचे भागत नाही. आईचे गर्भाशय बाटलीने बदलता आलेले नाही.

बाटलीने दाखवलेली कारणे

या पद्धतीची खरी ताकद अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. बाकी सारे सारखे ठेवायचे, फक्त साखर वाढवायची. किंवा फक्त ऊब वाढवायची. मग गर्भात फरक पडला तर कारण कोणते, हे सांगता येते. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव आपण वाचतो. हे आहे म्हणून ते होते, आणि हे नसेल तर ते होत नाही. या बाटल्यांत तोच नियम तपासला गेला.

साखर. 1977 साली रक्तजलात जादा ग्लुकोज घालून गर्भ वाढवले, तेव्हा त्यांच्यात व्यंगे दिसली. आईचा मधुमेह ताब्यात नसेल तर पहिल्या आठवड्यांतच बाळाच्या घडणीला धोका असतो, हे दवाखान्यांत दिसत होतेच. बाटलीने एक कारण वेगळे काढून दाखवले.

उष्णता. 1975 साली न्यू आणि त्यांचे सहकारी कॉक्रॉफ्ट यांनी बाटल्यांची ऊब 40-41 अंशांच्या आसपास नेली. गर्भाच्या डोक्याची वाढ खुंटली. इथे गैरसमज नको. मे महिन्यात जळगावात पारा 44-45 वर जातो म्हणून प्रत्येक गरोदर बाईच्या बाळाला धोका, असे नाही. बाहेर कितीही ऊन असले तरी आपले शरीर घाम गाळून आतली ऊब राखते. धोका असतो तो जोराचा ताप अंगात राहिला तर, किंवा उन्हात राबताना ऊन लागून शरीर आतून तापले तर. वीटभट्टीवर, शेतात, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बायकांना पाणी, सावली आणि भर दुपारची विश्रांती मिळणे हे लाड नव्हेत, ती गर्भाची गरज आहे. ताप आला तर अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवून उतरवून घ्यावा.

औषधे. 1980 साली अमेरिकेतील संशोधकांनी एक वेगळा प्रयोग केला. कर्करोगाची आणि फिट्सची औषधे घेणाऱ्या माणसांचे रक्तजल घेऊन त्यात उंदरांचे गर्भ वाढवले. गर्भ मेले किंवा त्यांत व्यंगे आली. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने मज्जानलिका उघडी राहण्याचा धोका वाढतो, हे आज पक्के ठाऊक आहे. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गरोदरपणात फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते वेळेत औषध बदलून देऊ शकतात.

पोषण. गाईच्या रक्तजलात वाढवलेल्या गर्भांची मज्जानलिका उघडी राहत होती. त्यात मिथिओनिन नावाचे प्रथिनातले एक द्रव्य घातल्यावर ती बंद होऊ लागली. हे मिथिओनिन शरीरात पुन्हा-पुन्हा तयार करायला दोन जीवनसत्त्वे लागतात, फोलिक ॲसिड आणि ब-12. इथे आपण मुद्द्याच्या गोष्टीला येतो.

एक साधी गोळी

बाटलीतला गर्भ दिशा दाखवतो, पण माणसांवर खात्री करावीच लागते. ती झाली. ज्या आयांना आधी मज्जानलिकेचे व्यंग असलेले मूल झाले होते, अशा बायकांचा सात देशांत अभ्यास झाला. त्याचा निकाल 1991 साली आला. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलेल्या बायकांमध्ये ते व्यंग पुन्हा येण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. ग्रहण पाळून किंवा गंडा बांधून असा गुण कधी कोणी दाखवलेला नाही.

फोलिक ॲसिडची ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि घ्यायची ती मूल हवे असे ठरवल्यापासून, म्हणजे निदान महिनाभर आधीपासून ते तिसरा महिना संपेपर्यंत. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते आणि ती रोज एक याप्रमाणे निदान 180 दिवस घ्यायची असते. लाल गोळी रक्त वाढवते, बाळंतपण सुखरूप होण्यासाठी ती हवीच. पण मज्जानलिकेसाठी ती उशिरा पोहोचते. दोन्ही गोळ्यांचे काम वेगळे आहे.

आधी असे व्यंग असलेले मूल झाले असेल, आई फिट्सच्या गोळ्या घेत असेल किंवा तिला मधुमेह असेल, तर फोलिक ॲसिडची जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरच ठरवतील.

ताटातूनही फोलेट मिळते. मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला, हरभरा, मूग, मटकी, चवळी, शेंगदाणे हे सारे खान्देशात मिळते. भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले की फोलेट त्या पाण्याबरोबर जाते. ब-12 मात्र भाजीपाल्यात नसते. ते दूध, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या आयांमध्ये ब-12 ची कमतरता किती सर्रास आढळते हे दाखवून दिले आहे. ज्या घरी मांसाहार सोडला आहे तिथे दूध-दही-अंडी चालत असतील तर ती सुनेच्या ताटात आधी पडावीत. चालत नसतील तर डॉक्टरांना ब-12 विषयी विचारावे. ताटाचे मात्र ऐकून ठेवा, सुनेने सर्वांत शेवटी उरलेसुरले खायचे ही रीत सुरू असेल तर कोणतीही गोळी पुरी पडणार नाही. फोलेट ताटातून मिळत असले तरी गोळी सोडू नये, कारण ताटातून तेवढे रोज मिळेलच याची खात्री नसते.

मग ग्रहणाचे काय?

वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. दोन्ही बाजूंचे भाग वाढत येऊन एकमेकांना चिकटतात. ते चिकटले नाहीत तर फट राहते. त्याची कारणे अनेक असतात, काही आई-बापांकडून आलेल्या गुणसूत्रांत, काही औषधांत, काही तंबाखू-दारूत, काही पोषणात. बऱ्याचदा नेमके एक कारण सांगता येत नाही. पण चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्याने पोटातला ओठ फाटत नाही, आणि विळीने चिरलेली भाजी गर्भाला चिरत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आले तर बाळाचा ओठ केव्हाच जुळून गेलेला असतो. ग्रहणात काही न खाता-पिता, अंधाऱ्या खोलीत बसवलेल्या गरोदर बाईला मात्र चक्कर येते, आणि तो त्रास खरा असतो.

म्हणून आई दोषी नाही. ज्या काळात व्यंग घडते त्या काळात तिला बहुतेक वेळा दिवस गेल्याचेही माहीत नसते. गोळी घेऊनही काही बाळांत व्यंग येते. त्या आईला टोमणे नकोत, दवाखान्याची वाट दाखवणारे हात हवेत.

बाटलीच्या मर्यादा

एवढ्यावरून उंदरात दिसले ते माणसात होणारच, असे समजू नये. 1960 च्या सुमारास थॅलिडोमाइड या औषधाने जगभरात हजारो मुले हात-पाय नसलेली जन्मली. पण उंदरांवर त्याचा तसा परिणाम दिसत नाही. शिवाय बाटलीत आईचे यकृत नसते, आणि अनेक औषधे यकृतात गेल्यावरच बदलतात. म्हणून कोणताही निष्कर्ष अनेक वाटांनी तपासावा लागतो.

या प्रयोगांसाठी उंदराची मादी मारावी लागते, हेही लपवू नये. आपण करुणा मानणारी माणसे, प्रश्न मनात येणारच. भारतात प्राण्यांवरील प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली परवानगी घेऊनच करता येतात. एका मादीचे अनेक गर्भ वेगवेगळ्या बाटल्यांत तपासता येत असल्याने आधीपेक्षा कमी प्राणी लागतात, हाही या पद्धतीचा एक हेतू आहे.

माणसाच्या गर्भाचे काय, असे काही जण विचारतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. पण असे बाळ नळीत नऊ महिने वाढत नाही. गर्भ दोन ते पाच-सहा दिवस काचेच्या बशीत असतो आणि मग आईच्या गर्भाशयात ठेवतात. संशोधनासाठी मानवी गर्भ 14 दिवसांच्या पुढे बाहेर वाढवायला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंदी आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांनी 2021 च्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच जावे. नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्यात लाज कसली?

आता घरी काय करायचे?

लग्न ठरले किंवा दुसऱ्या मुलाचा विचार झाला, की आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात फोलिक ॲसिड मागा. नवऱ्यानेही आणून दिली तर बिघडत नाही.

पाळी आठवडाभर लांबली तर लगेच तपासणी करा. नावनोंदणी तीन महिन्यांच्या आत करा.

मधुमेह, फिट्स, थायरॉइड किंवा इतर कायमची औषधे सुरू असतील तर मूल ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध मनाने घेऊ नका, मनाने बंदही करू नका.

मिश्री, तंबाखू, दारू सोडा. घरातल्या पुरुषांनी बिडी-सिगारेट घरात ओढू नये.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात व्यंग तपासणारी सोनोग्राफी करून घ्या. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे गुन्हा आहे, पण व्यंग तपासणे हा आईचा हक्क आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात याची चौकशी करा. तपासणीत काही आढळले तर घाबरून घरी बसू नका. पुढचा सल्ला वेळेत घ्या, कारण कायद्याने मिळणाऱ्या पर्यायांना दिवसांची मर्यादा असते.

बाळ व्यंग घेऊन जन्मले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे छिद्र, पाठीवरची गाठ ही सारी त्यांच्या यादीत आहेत आणि उपचार मोफत आहेत. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने छान जुळतो. पाठीवरच्या गाठीला पाला, लेप, शेक काही लावू नका. ती झाकून, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि ज्या घरात असे मूल आहे, त्या घरी पुढच्या वेळी जाल तेव्हा आईला कारण विचारू नका. बाळ कसे आहे ते विचारा, आणि पुढच्या तपासणीची तारीख कधी आहे तेही विचारा. त्या दिवशी तिच्यासोबत जायला कोणी नसेल, तर आपण जा.